दसऱ्याच्या आतषबाजीला पोरांच्या अंगावर काय घालावं: दोन तयार सूट आणि एक तागा

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. शोभेच्या दारूचं काम करणारी तरुण पोरं घरात असतील, तर ऑनलाइनवरचा स्वस्त ‘फायरप्रूफ’ सूट घेऊ नका. फाउंड्रीवाल्यांचा, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यातल्या माणसांचा, तयार कव्हरऑल (अंगभर एकसंध सूट) कापडानं चांगला आहे, पण अंगानं बारीक पोरांना तो बसत नाही. आग न पसरू देणारं सुती कापड मीटरवर घ्या आणि हात बसलेल्या शिंप्याकडून शर्ट-पँट शिवून घ्या. दोरा मात्र न पेटणाराच हवा. या दोऱ्यापायीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

तासगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे ड्रेस, बँडवाल्यांचे कोट, सगळं शिवते. माहेर कवठेएकंद. सांगलीकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजांच्या पालखीपुढं आमच्या गावात मंडळं शोभेच्या दारूचं काम उडवतात. आभाळात फुटणारे औट, ठिणग्यांनी भरलेली झाडं, हातातली शिंगटं. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून हे बघायची आणि सकाळी केसांना गंधकाचा वास यायचा. ती ओढ माझ्या थोरल्यातही उतरली. तो आता 20 वर्षांचा आहे आणि मामाच्या मंडळात असतो. त्याला मी कधी अडवलं नाही आणि अडवणारही नाही.

पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका जत्रेला ही पोरं काम बघायला आणि हात लावायला गेली होती. सगळ्यांच्या अंगावर मंडळाच्या नावाचे एकसारखे टी-शर्ट, हल्ली सगळीकडं असतात तसले ड्रायफिटचे. ते मीच मागवून दिले होते, 160 रुपयांना एक. उभ्या नळ्यातून बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चुऱ्याच्या सोनेरी ठिणग्या उडत होत्या. त्यातल्या दोन-चार एका पोराच्या खांद्यावर पडल्या. सुती सदरा असता तर भोक पडलं असतं आणि चटका बसला असता. इथं कापड वितळलं आणि कातड्याला चिकटलं. त्यानं हातानं झटकलं तर वितळलेला थर आणखी पसरला. कुणीतरी टूथपेस्ट आणायला धावलं. मी त्याला टँकरच्या नळाखाली 20 मिनिटं धरून बसवलं आणि चिकटलेलं कापड कुणालाही ओढू दिलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी ते एकेक तुकडा करून काढलं. नाण्याएवढी तीन व्रणं अजून आहेत त्याच्या खांद्यावर.

शिवणकामातल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. कापड सुती की टेरिलीनचं हे आम्ही दोरा जाळूनच ओळखतो. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टरचा काळा धूर निघून टोकाला कडक मणी जमतो. तो मणी बोटाला लागला की कसा चिकटतो हे मी शंभरदा अनुभवलेलं आहे. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या थोडं पुढं गेलं की वितळतं आणि जळत्या लोखंडाची ठिणगी हजाराच्या पुढं असते. तरी टी-शर्ट मागवताना मी फक्त रंग आणि छपाई बघितली.

त्या वर्षीच ठरवलं की पुढच्या दसऱ्याआधी मंडळातल्या पोरांना धड कपडे करायचे.

सुरुवात ऑनलाइनवरून केली, कारण तेच सोपं होतं. नारिंगी रंगाचा एकसंध सूट, 899 रुपये, वर्णनात ‘फायरप्रूफ’, फोटोत ज्वाळांपुढं उभा असलेला माणूस. पार्सल उघडलं आणि हात लावताच शंका आली. कापड गुळगुळीत होतं आणि चुरगळल्यावर लगेच सरळ होत होतं. सुती कापड असं वागत नाही. आतल्या बाजूला मानकाचा क्रमांक नव्हता, गिरणीचं नाव नव्हतं, धुण्याच्या सूचनाही नव्हत्या, नुसतं ‘एक्सएल’. पायाच्या दुमडीतून दोन बोटं रुंद पट्टी कापली, चिमट्यात धरून गॅसवर नेली. तीन सेकंदांत पेट घेतला, गॅसपासून दूर केली तरी जळत राहिली आणि थेंब ओट्यावर पडले. टेरीकॉट होतं, त्यातही पॉलिएस्टरच जास्त. कापल्यामुळं परत घेणार नाहीत म्हणाले. 899 रुपये गेले, पण ते थेंब थोरल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. ते थेंब पाहून तो जेवढा गप्प झाला तेवढा माझ्या बोलण्यानं कधीच झाला नसता.

मग धाकट्या भावाला फोन केला. तो कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. वितळलेल्या लोखंडापुढं रोज उभं राहणाऱ्या माणसांना काय घालायला देतात ते त्यालाच विचारायला हवं होतं, मला उशिरा सुचलं. तो म्हणाला, “आक्का, एसटीनं ये, दुकान दाखवतो.”

दुकान म्हणजे हेल्मेट, बूट, हातमोजे यांनी छतापर्यंत भरलेला गाळा. मालक साठीतले, शांत. एका बाईला फटाक्यांच्या कामासाठी कपडे हवेत म्हटल्यावर हसले नाहीत, उलट दहा प्रश्न विचारले. पोरं किती जवळ उभी असतात? पेटवणं हातानं की लांबून? दारू भरायचं काम कोण करतं, कुठं करतात? वय काय? मला तिथंच दुकान आवडलं. विकायच्या आधी वापर विचारणारा दुकानदार मी फार थोडा पाहिला आहे.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आगीपासून वाचवणारं कापड दोन जातींचं. एका जातीत धागाच मुळात न पेटणारा असतो, अरामिडचा. नोमेक्स नाव ऐकलं असेल, ते हेच. धुवून धुवून त्याचा गुण जात नाही, पण एक सूट नऊ हजारांच्या पुढं. दुसऱ्या जातीत साधं सुती कापड घेऊन त्यावर फॉस्फरसची प्रक्रिया करतात. ज्योत लागली की असं कापड काळं पडतं, कोळशासारखा थर धरतं आणि ज्योत बाजूला केली की विझतं. वितळत नाही, थेंब पडत नाहीत. ‘फायरप्रूफ’ दोन्ही नव्हेत. ज्वाळेत उभं राहिलं तर माणूस भाजणारच. कपडा फक्त एवढं करतो की ठिणगीची आग होऊ देत नाही आणि बाजूला व्हायला थोडा वेळ मिळवून देतो. हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिल्यांदा त्यांनी चकाकता ॲल्युमिनियमचा सूट काढला, भट्टीपुढं घालतात तो. भट्टीची धग परतवायला तो उत्तम, पण पालखीपुढच्या गर्दीत, औट पेटवून मागं पळायचं असताना अजिबात उपयोगाचा नाही. थोरल्यानं अंगात चढवला तर त्याला मागं वळून बघता येईना. वेल्डरचा चामडी ॲप्रनही पाहिला. छाती-मांड्या झाकतो, पण ठिणग्या वरून आणि पाठीमागूनही येतात.

मग निळा कव्हरऑल. चौरस मीटरला 320 ग्रॅम वजनाचं प्रक्रिया केलेलं सुती कापड, 2,650 रुपये. आत शिवलेल्या पट्टीवर आयएस 15748 हा आपला भारतीय मानक क्रमांक, शेजारी ईएन आयएसओ 11612 आणि त्याखाली ए, बी, सी अशी अक्षरं. ए म्हणजे ज्योत पसरत नाही, बी म्हणजे गरम हवेपुढं किती टिकतं, सी म्हणजे लांबून लागणाऱ्या धगीपुढं किती टिकतं. पुढची डी आणि ई ही अक्षरं वितळलेल्या धातूसाठी, ती फाउंड्रीवाल्यांना लागतात. ही पट्टी नसेल तर कपडा कितीही जाड असो, घेऊ नका.

मी एक घेतला आणि घरी आणून शिंपिणीच्या नजरेनं उलटा केला. कापड पास. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, म्हणजे मायेतून, कापलेली पट्टी गॅसवर दहा अंक मोजेपर्यंत धरली, प्रयोगशाळेतही दहाच सेकंद ज्योत लावतात. बाजूला केल्याबरोबर विझली, भोक नाही, थेंब नाही, चोळल्यावर फक्त काळा थर हाताला आला. चेन पितळेची आणि तिच्यावर झाकणारी पट्टी. खिशांना झाकणं, म्हणजे ठिणगी खिशात पडून राहणार नाही. शिवणकाम दुहेरी. शिवणाऱ्याला माझा नमस्कार.

अडचण मापाची. सगळ्यांत लहान माप 40 छातीचं. माझ्या थोरल्याची छाती 34, मंडळातल्या दोघांची तर 32. हे कपडे भरलेल्या कामगार माणसांसाठी कापलेले असतात. थोरल्यानं घातला तर बाह्या बोटांच्या पुढं, आसन गुडघ्याकडं लोंबतंय, पायाची मोहरी टाचेखाली येतेय. पेटवून मागं सरकताना पायात अडकली तर पडणार ठिणग्यांतच. मोहरी दुमडून वर केली तर त्या दुमडीच्या खोबणीत ठिणगी जाऊन बसते. एकसंध असल्यामुळं उंची कमी करायला गेलं की आसन बिघडतं. बँडवाल्यांचे कोट आयुष्यभर शिवले तरी मला हा सूट नीट लहान करता आला नाही. वीस-बावीस वर्षांची सडसडीत पोरं हे काम करतात आणि त्यांच्या मापाचा सूट कुणी काढत नाही, हा या मालाचा माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष आहे.

पुन्हा शिरोली. मालकांना म्हटलं, “भाऊ, नुसतं कापड मिळेल का?” त्यांनी आतून तागा काढला. तीच प्रक्रिया, वजन 260 ग्रॅम, पन्ना 58 इंच, 520 रुपये मीटर. गिरणीचा चाचणी अहवाल दाखवला आणि त्यावरचा लॉट क्रमांक ताग्यावरच्या चिठ्ठीशी जुळवून दाखवला. मी 26 मीटर घेतलं, 13,520 रुपये. निम्मे मंडळानं वर्गणीतून दिले.

निघताना मी सहज विचारलं की दोरा नेहमीचा चालेल ना. ते म्हणाले, “ताई, तिथंच सगळे चुकतात.” शिलाईचा बाजारातला बहुतेक दोरा पॉलिएस्टरचा. कापड न पेटणारं आणि शिवण वितळणारी, मग ऐन वेळी बाही मुंढ्यातून उघडी पडते. त्यांनी अरामिडच्या दोऱ्याचा कोन दिला, फिक्कट पिवळा, 700 रुपये. एवढ्या वर्षांत दोऱ्यासाठी इतके पैसे मी मोजले नव्हते. पण घरी आल्यावर नेहमीचा दोरा आणि हा दोरा शेजारी शेजारी धरून ज्योत लावली. नेहमीचा ज्योत पोचायच्या आधीच आक्रसून गेला. हा काळवंडला आणि तसाच राहिला.

शिवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. कापड आधी धुवून घ्या, सुती असल्यानं आटतं; माझं मीटरमागं साडेतीन सेंटिमीटर आटलं. सुई 16 नंबरची लावा. या दोऱ्याला टेन्शन थोडं सैल ठेवावं लागतं, नाहीतर टाके खेचले जातात. कात्रीनं दोरा लवकर तुटत नाही, धारेची कात्री वेगळी ठेवा. एका जोडाला सव्वातीन मीटर लागलं. शर्ट कमरेखाली वीतभर लांब ठेवला आणि पँटीच्या बाहेर सोडला. कॉलर बंद गळ्याची, कफ घट्ट, बाहेर एकही उघडा खिसा नाही. पँटीची मोहरी सरळ, बुटावरून खाली येणारी, म्हणजे ठिणगी बुटात जात नाही. काज-बटणं टाळली, पितळी चेन आणि वर पट्टी. सात जोड शिवायला मला नऊ रात्री लागल्या, दिवसा गणवेशाचं काम होतंच.

पोरांना आणखी काही गोष्टी बदलायला लावल्या, त्याशिवाय हे कपडे अर्धवटच ठरले असते. आतली बनियन आणि चड्डी सुती. वरचं कापड पेटलं नाही तरी धग आत जाते आणि आत नायलॉन असेल तर ते तिथंच वितळतं. फेटे बदलले. दसऱ्याला डोक्यावर जो चमचमीत फेटा बांधतात तो बहुतेक कृत्रिम रेशमाचा असतो, त्याचं सुटलेलं टोक पाठीवर लोंबतं. सुती मलमलीचे फेटे केले, टोक आत खोचलेलं. यावर थोडी कुरकुर झाली. फोटोत चमक येत नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि मलमल भगव्या रंगात रंगवून दिली. चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना बाजूनंही झाकणारा गॉगल आणि कानांना मफ त्याच दुकानातून घेतले.

दारू भरण्याच्या जागी तर पॉलिएस्टर नकोच. हिवाळ्यात अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या दिसतात ना, तीच वीज कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यावर साठते आणि उघड्या दारूला तेवढीही पुरते. ही गोष्ट गावातल्या जुन्या कारागिरांना पुस्तकाशिवाय माहीत होती. माझे आजोबा त्या कामाला धोतर आणि सुती बंडीवरच बसायचे.

दसऱ्याचा अनुभव असा. रात्री साडेआठला पोरांनी कपडे घातले ते पहाटे चारला काढले. दुसऱ्या दिवशी मी एकेक जोड उन्हात पसरून बघितला. खांद्यांवर, पाठीवर, बाह्यांवर तपकिरी ठिपके होते. थोरल्याच्या शर्टावर मी 41 मोजले. आरपार भोक एकही नाही. शिवण कुठंही उसवली नव्हती. मागच्या वर्षीपर्यंत या पोरांच्या अंगावर दसऱ्यानंतर पाच-सहा बारीक चटके असायचेच, त्याला ती अभिमानानं ‘प्रसाद’ म्हणायची. या वेळी एका पोराच्या मनगटावर एकच चटका होता, हातमोजा आणि कफ यांच्यामध्ये फट राहिली तिथं. ती चूक माझी, कफ एक इंच लांब हवा होता. सगळ्या जोडांना आता वाढवून दिला आहे.

दोषही सांगायला हवेत. उकडतं. ऑक्टोबरची रात्र, अंगावर दोन थर आणि समोर जाळ, पोरं घामानं निथळत होती. दर तासाला पाणी आणि मीठ-साखर द्यायला माणूस ठेवावा लागला. नव्या कापडाला पहिल्या दोन धुण्यांपर्यंत वास येतो. निळा रंग लवकर विटतो. आणि 260 ग्रॅमचं कापड 320 इतकी धग अडवत नाही, हे मालकांनी घेतानाच सांगितलं होतं. अगदी जाळाला चिकटून उभं राहणाऱ्याला जाड कापडच घ्या.

धुण्याचं नीट वाचा, कारण प्रक्रिया केलेलं सुती कापड इथंच बिघडतं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. अशा पाण्यात साबणाच्या वडीनं धुतलं की चुन्याचा आणि साबणाचा थर धाग्यांवर बसतो आणि तो थर पेट घेतो. म्हणून पावडर वापरायची, भरपूर पाण्यात खळबळायचं. ब्लीच नाही, कपडे मऊ करणारं सॉफ्टनर नाही, खळ तर मुळीच नाही. तेलाचा किंवा ग्रीसचा डाग पडला असेल तर तो निघेपर्यंत तो शर्ट वापरायचा नाही. फाटलं तर त्याच कापडाचं ठिगळ, त्याच दोऱ्यानं. मी प्रत्येकाला दोन हात दोरा बॉबिनला गुंडाळून दिला आहे.

आणि नळा उलटला, औट हातात फुटला, तर यातलं काहीही कामाचं नाही. त्यासाठी अंतर, परवाना आणि शुद्धीवरचा माणूस लागतो. आमच्या मंडळात पेटवणाऱ्यानं त्या दिवशी प्यायची नाही हा नियम आधीपासून आहे. कपडे मिळाले म्हणून पोरं अंतर कमी करतील की काय, ही माझी भीती होती, म्हणून पेटवायच्या जागेभोवती चुन्याची रेघ मीच सकाळी मारून घेतली.

माझा धाकटा 16 वर्षांचा आहे. स्फोटकांच्या 2008 च्या नियमांत अठराच्या आतल्या कुणालाही या कामाला ठेवता येत नाही, आणि नियम नसता तरी मी सोडलं नसतं. त्या रात्री तो रेघेच्या बाहेर माझ्या शेजारी उभा होता, पाण्याची कळशी घेऊन, आणि तोंड फुगवून. सात जोड शिवून 26 मीटरांतलं सव्वातीन मीटर कापड उरलं आहे. त्यानं दोनदा येऊन मापं द्यायचा प्रयत्न केला. ते कापड धुऊन, इस्त्री करून मी ट्रंकेत ठेवलं आहे. अजून कापलेलं नाही. दोन वर्षांत त्याच्या छातीचं माप बदलेल.